हंडा, वांगं, माठ आणि दोन ब्रश: डिजिटल चित्रात खरा पदार्थ कसा उतरवायचा

तांब्याच्या हंड्यासाठी नेमका तांब्याचा रंग उचलला, उजळ बाजूला पांढरा मिसळला, सावलीत काळा मिसळला, वर एक पांढरा ठिपका दिला. हंडा प्लॅस्टिकचा दिसतो. तीच रीत माठाला लावली की माठही प्लॅस्टिकचा, आणि वांगंही. डिजिटल चित्रकला शिकणारे बहुतेक जण इथे अडतात. मग धातूचा ब्रश, दगडाचा ब्रश, कापडाचा ब्रश असे तयार गठ्ठे उतरवून घेण्याकडे मन वळतं.

ते गठ्ठे वाईट नाहीत, पण या अडचणीवरचा इलाज त्यांच्यात नाही. एखादा पदार्थ, म्हणजे धातू, माती किंवा साल, आपल्याला ओळखू येतो तो त्यावर पडलेल्या उजेडाचं पुढे काय होतं यावरून. उजेड किती परततो, कुठल्या रंगाचा होऊन परततो, परतताना विखुरतो की सरळ जातो, थोडा आत शिरतो का. एवढं कळलं तर कडक कडेचा एक गोल ब्रश आणि मऊ कडेचा एक गोल ब्रश यांच्यावर तांबं, माती, वांग्याची साल, केळीचं पान, काळी जमीन सगळं रंगवता येतं. इथे मुद्दाम खानदेशातल्या घरात आणि शेतात हाताशी असणाऱ्या वस्तू घेतल्या आहेत, कारण खरी वस्तू समोर ठेवून रंगवण्याला पर्याय नाही. फोटोत कॅमेऱ्याने उजळ भाग आधीच जाळलेले आणि सावल्या बुडवलेल्या असतात. जे शिकायचं तेच त्यातून गेलेलं असतं.

चार प्रश्न

ब्रश उचलण्याआधी वस्तूला चार प्रश्न विचारावेत.

पहिला: हिचा स्वतःचा टोन किती गडद? ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा अशी पट्टी धरली, तर उन्हातला कापूस ९० च्या आसपास, कोरडी काळी माती ३५ च्या आसपास, कोळसा १५ च्या खाली रंगवावा लागतो. काळी माती म्हटलं की हात थेट काळ्याकडे जातो, पण उन्हात वाळलेलं ढेकूळ करडं असतं. इथे ॲपच्या रंगचाकातल्या ब्राइटनेसच्या आकड्यावर विसंबू नका. पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा या दोन्हींचा तो आकडा १०० च दाखवतो, डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. खरा टोन पाहायचा तर सगळ्यात वर एक लेअर (चित्रावरचा वेगळा पारदर्शक थर) घ्या, तो काळ्याने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळण्याची रीत) ‘कलर’ करा. चित्र करड्या छटांत दिसेल. हा लेअर हवा तेव्हा चालू-बंद करत राहा.

दुसरा: ही वस्तू धातू आहे का? सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. माती, लाकूड, साल, चामडं, पाणी, काच या वस्तूंना समोरून पाहिलं तर आरशासारखा सरळ परतणारा उजेड अगदी थोडा असतो, साधारण ४ टक्के. पाण्याचा २ टक्केच. बाकीचा उजेड आत शिरतो. स्वच्छ पाण्यातून आणि काचेतून तो पार जातो; बाकीच्या वस्तूंत तो वस्तूचा रंग घेतो आणि विखरून बाहेर येतो. म्हणून त्यांच्यावर स्वतःच्या रंगाचा उजेड-सावलीचा चढ-उतार दिसतो, आणि त्यावर जी चमक असते ती दिव्याच्या किंवा आभाळाच्या रंगाची असते. धातूत उजेड आत जाऊन विखरत नाही. पडलेल्यापैकी बहुतेक उजेड तो सरळ परतवतो, आणि तांबं, पितळ, सोनं त्या परतणाऱ्या उजेडालाच रंग देतात. तांबं लाल उजेडाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग परतवतं, निळ्याचा मात्र साधारण निम्माच. म्हणून तांब्यावरची चमक पांढरी करायची नसते.

तिसरा: पृष्ठभाग किती गुळगुळीत? गुळगुळीत असेल तर चमक लहान, तीव्र आणि कडक कडेची. खरबरीत होत जाईल तशी तीच चमक पसरते, मंद होते, कडा हरवते आणि शेवटी दिसेनाशी होते.

चौथा: उजेड आत शिरून दुसरीकडून बाहेर येतो का? केळीचं पान, द्राक्ष, कापूस, मेण, कानाची पाळी या सगळ्यांत असं होतं.

आणखी एक नियम सगळ्यांना सारखा लागू आहे. पृष्ठभाग आपल्या नजरेला जितका तिरपा होत जातो, तितका तो आरशासारखा वागतो. समोरून ४ टक्के परतवणारी वस्तू अगदी कडेच्या कोनातून पाहिली तर जवळजवळ सगळा उजेड परतवते. तापीच्या पात्रात पायाजवळचं पाणी तळ दाखवतं आणि दूरचं आभाळ दाखवतं, ते यामुळेच. वांग्याच्या कडेला, ओल्या माठाच्या कडेला ही फिकट झळाळी थोडीशी दिली की वस्तू गोल होते.

हत्यारं आणि त्यांचे आकडे

क्रिटा हे चित्रकलेचं ॲप फुकट आहे आणि संगणकावर उत्तम चालतं. फोनवर आयबिस पेंट, आयपॅडवर प्रोक्रिएट, किंवा फोटोशॉप यांपैकी काहीही चालेल; इथे सांगितलेलं बहुतेक सगळं या सगळ्यांत आहे, नावं थोडी वेगळी असू शकतात. कॅनव्हास २४०० × २४०० पिक्सेल ठेवा. त्याहून मोठा घेतला की माणूस सुरुवातीपासून बारकाव्यात शिरतो.

कडक ब्रश: हार्डनेस (कडेचा कडकपणा) १०० टक्के, ओपॅसिटी १००, स्पेसिंग (ब्रशच्या ठशांमधलं अंतर) ५ ते १० टक्के. पेनचा दाब फक्त आकाराला जोडा, ओपॅसिटीला जोडू नका. स्पेसिंग जास्त झालं की फटकाऱ्यात मण्यांची माळ दिसू लागते, फार कमी केलं की जुना संगणक रखडतो.

मऊ ब्रश: हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो ५ ते १० टक्के. ओपॅसिटी आणि फ्लो यांत गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवतो. एका फटकाऱ्यात रंग जास्तीत जास्त किती चढेल याची मर्यादा ओपॅसिटी ठरवते. ब्रश त्याच जागी फिरत राहिला तर रंग किती वेगाने साचेल ते फ्लो ठरवतो. मऊ छटेसाठी फ्लो कमी ठेवून हात दोन-तीनदा फिरवावा.

याशिवाय खोडरबर, लासो निवड (हाताने वेढा काढून भाग निवडणं) आणि अल्फा लॉक. अल्फा लॉक म्हणजे वस्तूचा आकार एकदा भरला की रंग त्याच्या बाहेर जात नाही. रंग बोटाने पुसल्यासारखा फासणारं स्मज हत्यार पहिले काही महिने बंदच ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे. स्मज सगळ्या कडा सारख्या मऊ करतं, आणि पदार्थांमधला निम्मा फरक कडांतच असतो. दोन टोनांच्या मध्ये तिसरा टोन हवा असेल तर त्या सीमेवर कमी ओपॅसिटीचा एक फटकारा मारा, तयार झालेला मधला रंग उचला आणि तो कडक ब्रशने पूर्ण ओपॅसिटीने लावा. उचलायचं, लावायचं, पुन्हा उचलायचं. सगळं काम याच हालचालीत होतं.

बसण्याआधी फोन-संगणकाचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करा आणि स्क्रीनचा आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेसही बंद करा. तांबं आणि माती यांतला फरक ओळखायच्या कामात पिवळी स्क्रीन थेट खोटं दाखवते.

माठ: सगळ्यात सोपा, म्हणून पहिला

कोरडी भाजलेली माती चमकत नाही. त्यामुळे तिच्यावर उजेड-सावलीचा मूळ सांगाडा स्वच्छ दिसतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्र केलेल्यांना तो ओळखीचा असेल: उजळ भाग, मधला टोन, उजेड संपतो तो सांधा, अंगाची सावली, सावलीत जमिनीकडून आलेला परतीचा उजेड, पडलेली सावली, आणि माठ जमिनीला टेकतो तिथला फटीतला काळोख.

आकार कडक ब्रशने एकाच मधल्या टोनमध्ये भरा, ४५ च्या आसपास. अल्फा लॉक लावा. आता फक्त दोन टोन: उजेडाला ६०, सावलीला २८. सीमा कडक राहू द्या. पूर्ण चित्र या दोन टोनांत ओळखू येत असेल तरच पुढे जा; इथे चूक असेल तर पुढचा कुठलाही बारकावा ती झाकत नाही. मग सांध्यावर मधले दोन टोन घाला. मऊ ब्रश माठाच्या पोटाच्या व्यासाच्या निम्म्याएवढा मोठा घ्या. लहान मऊ ब्रशने घासत बसलं की डागडाग येतात आणि मातीऐवजी धुरकट कापूस दिसतो.

परतीचा उजेड जितका दिसतो त्याहून कमी रंगवा. सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. हे मोडलं की माठ आतून पेटल्यासारखा दिसतो.

खरा अभ्यास पाणी भरलेल्या माठावर होतो. उन्हाळ्यात पाणी झिरपून माठाचं पोट ओलं होतं, वरचा कोरडा भाग फिकट राहतो. ओली माती गडद का दिसते? पाण्याच्या पातळ थरामुळे आत शिरलेला उजेड सहज बाहेर निसटत नाही, थराच्या आतल्या बाजूने पुन्हापुन्हा मातीवर आपटतो, आणि दर वेळी माती त्यातला थोडा गिळते. म्हणून ओल्या भागात टोन १२ ते १५ ने खाली आणा आणि रंग थोडा अधिक गर्द करा. नुसता काळा मिसळलात तर तो तेलकट डाग होतो. ओलीची सीमा सरळ रेषेत नसते. ती कुठे वर चढते, कुठे खाली उतरते, आणि साधारण २० ते ३० पिक्सेलमध्ये विरते. जिथे पाणी साचून थर जाड झाला आहे तिथेच, सांध्याच्या उजेडाकडच्या बाजूला, आभाळाच्या रंगाची मंद चमक द्या. नुसत्या दमट भागाला चमक द्यायची नाही.

भरताचं वांगं: चमक वेगळ्या लेअरवर

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेषांचं हे वांगं चकचकीत वस्तू शिकायला जांभळ्या वांग्यापेक्षा चांगलं, कारण फिकट अंगावर सावलीचा चढ-उतार आणि चमक या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता येतात. जांभळ्यावर चमकच एवढी भारी पडते की खालचं काही दिसत नाही.

पहिल्या लेअरवर वांगं असं रंगवा की जणू ते पिठाने माखलंय: चमक शून्य. उजेडाकडे ७०, सावलीत ४०. पांढुरक्या रेषा देठापासून टोकाकडे जातात, आणि मधोमध सरळ दिसणाऱ्या रेषा कडेकडे येताना वांग्याच्या गोलाईबरोबर वळतात, एकमेकींजवळ येतात. वांगं सपाट दिसायचं पहिलं कारण समांतर रेषा. सावलीत गेल्यावरही रेषा असतात, पण तिथे रेष आणि साल यांच्या टोनातलं अंतर निम्म्यावर येतं. उजेडातलंच अंतर सावलीत ठेवलं तर रेषा वांग्यावर चिकटवल्यासारख्या होतात.

दुसऱ्या लेअरवर फक्त चमक. तिची जागा ठरवताना एक चूक सर्रास होते: चमक सगळ्यात उजळ भागाच्या मधोमध ठेवली जाते. सगळ्यात उजळ भाग तो, जो थेट दिव्याकडे तोंड करून असतो. चमक मात्र दिवा आणि आपला डोळा या दोघांच्या मधल्या दिशेला तोंड केलेल्या जागी पडते. म्हणजे ती आपल्याकडे थोडी सरकलेली असते, आणि आपण हललो की तीही हलते, सावली हलत नाही. समोर वांगं ठेवून डोकं डावी-उजवीकडे करून पाहा.

चमकेचा आकार म्हणजे उजेडाच्या उगमाचा आकार. खिडकीजवळ ठेवलेल्या वांग्यावर खिडकीच दिसते, गोलाईत वाकलेली, गजांसकट. ती कडक ब्रशने रंगवा, रंग दिवसाच्या उजेडाचा, किंचित निळसर. मग एका बाजूची कडा मऊ ब्रशच्या खोडरबराने थोडी विरू द्या. वांग्याची साल मेणचट असते, काचेइतकी नितळ नसते. शेवटी कडेला आभाळाच्या रंगाचा मऊ ब्रश ५ टक्के फ्लोने एकदा फिरवा. देठाची टोपी पूर्ण मंद ठेवा, तिला चमक नाही. तिच्यावरचे काटे दोन-दोन पिक्सेलचे उजळ फटकारे आणि लगेच खाली तेवढीच गडद रेष. मंद देठाशेजारी साल जास्तच चमकदार वाटते. दोन पदार्थ शेजारी ठेवणं हा एकेकट्याला घासत बसण्यापेक्षा फार चांगला उपाय.

आता तेच वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं रंगवा. आकार तोच, उजेड तोच, बदलतो फक्त पृष्ठभाग. चमकेचा लेअर बंद करा. साल २० च्या खाली, तपकिरी-काळी. सुरकुत्या देठाकडून निघतात आणि जिथे वांगं बसलं तिथे आडव्या वळतात. राखेचे कण ६५ च्या आसपास करडे, कडक ब्रशने, गटागटाने. सारख्या अंतरावर शिंपडले तर ते पडद्याच्या नक्षीसारखे दिसतात. साल फुटून रस आला आहे तिथे ओल आहे, म्हणून तिथे आणि फक्त तिथेच तीन-चार पिक्सेलचे तीव्र चमकेचे ठिपके.

तांब्याचा हंडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरचा असो की आजीच्या वेळचा माळ्यावरचा, घासलेला हंडा अंगणात ठेवून पाहा आणि स्वतःला विचारा: याचा रंग कोणता? त्यावर फिकट गुलाबी आहे, जवळजवळ काळा आहे, नारिंगी आहे, करडा आहे. हंड्याचा स्वतःचा असा रंग दिसतच नाही. तो आजूबाजूचं सगळं दाखवतो, तांब्यातून गाळून.

म्हणून आधी हंड्याभोवती काय आहे ते ठरवा. वर आभाळ, समोर घराचं दार, खाली शेणाने सारवलेलं अंगण. हे ठरवलं नाही तर पट्टे कुठून आणायचे हेच कळत नाही, आणि मग हात पुन्हा उजेड-सावलीच्या माठाकडे वळतो.

पुढचा नियम पाठ करण्यासारखा आहे: हंड्याच्या प्रत्येक जागेला विचारा, तुझं तोंड कुठे? खांद्याचं तोंड वर, म्हणून तिथे आभाळ. पोटाच्या मध्याचं तोंड समोर, म्हणून तिथे क्षितिज, घर, झाडं, आणि बघणाऱ्याची स्वतःची गडद आकृती. पोटाच्या खालच्या भागाचं तोंड खाली, म्हणून तिथे अंगण. आता गळ्याकडे या. काठाच्या खालच्या बाजूचं तोंड खाली आहे, म्हणजे तिथे पुन्हा अंगण. त्याखाली गळा, तिथे क्षितिज. आणि त्याखाली खांदा, तिथे आभाळ. वरून खाली जाताना पोटावरचा क्रम आभाळ-घर-अंगण, गळ्यावर तो नेमका उलटा. चित्रातला हंडा खोटा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा हा उलट क्रम चुकलेला असतो.

कृती अशी. आकार भरताना क्रिटातलं आरसा-हत्यार किंवा प्रोक्रिएटमधली सिमेट्री वापरा. वाकडा हंडा कितीही चांगला रंगवला तरी वाकडाच दिसतो. अल्फा लॉक लावून गडद तपकिरी, टोन २२, सगळीकडे भरा. त्यावर कडक ब्रशने पट्टे: आभाळाचा पट्टा ७० ते ७५, अंगणाचा ४५ ते ५०, घराच्या उघड्या दाराचा १५. पट्टे भांड्याच्या गोलाईबरोबर वाकलेले, कडेकडे निमुळते. एकाच हंड्यावर १५ आणि ७५ शेजारी-शेजारी, मध्ये काही नाही, हे धाडस धातूला लागतं. घासलेल्या तांब्यावर या सीमा कडकच ठेवा. जुन्या, वापरून निस्तेज झालेल्यावर त्या १० ते १५ पिक्सेल मऊ करा, पण पट्ट्याच्या आडव्या दिशेने फटकारे मारून, गोल गोल घासून नाही.

रंगाकडे आता. निळं आभाळ तांब्यात निळं दिसत नाही. तांबं निळ्यातला मोठा भाग गिळतं, म्हणून आभाळाचा पट्टा करडट गुलाबी होतो. मातकट अंगण तांब्यात शिरलं की पेटलेलं नारिंगी होतं, आणि हंड्याचा सगळ्यात रसरशीत रंग खालच्या अर्ध्यात सापडतो, वरच्या उजळ भागात नाही. गडद पट्टे लालसर तपकिरी, शुद्ध काळे कधीच नाहीत. सूर्याची थेट चमक इतकी तीव्र असते की मधोमध ती जवळजवळ पांढरी दिसते, पण तिच्याभोवती फिकट पीच आणि मग नारिंगी अशी दोन पातळ वलयं हवीत. अगदी बाहेरच्या कडेला, ४ ते ६ पिक्सेलच्या पट्टीत, तांब्याची लाली कमी करा. तिथे तिरप्या कोनामुळे आजूबाजूचा रंग बराचसा जसाच्या तसा परततो.

हंडा मठारलेला असेल तर ठोक्यांची मजा वेगळी. प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा, किंचित खोलगट आरसा. खोलगट असल्यामुळे त्याची खालची कडा वर तोंड करून असते, तिथे आभाळ उजळतं. वरची कडा खाली पाहते, तिथे गडद. पोटाच्या मधोमध ठोके गोल, कडेला ते दबून लंबगोल होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ठोके सगळीकडे सारखे दिसत नाहीत. आभाळाच्या पट्ट्याच्या मधोमध ठोका थोडा कलला तरी त्याला आभाळच दिसतं, म्हणून तिथे तो जवळजवळ नाहीसा. जिथे आभाळ आणि दार यांची सीमा आहे तिथे थोडासा कल पुरतो, आणि उजळ-गडद ठोक्यांची दाटी होते. सगळ्या अंगावर एकाच जोराने ठोके काढले की हंडा अननसासारखा दिसायला लागतो.

काजळी आणि हिरवट-काळे डाग शेवटी. हे डाग धातूसारखे वागत नाहीत, मातीसारखे वागतात. म्हणून डागाच्या जागी पट्टा तुटला पाहिजे. डाग वेगळ्या लेअरवर कडक ब्रशने मंद तपकिरीत घाला, बुडाशी दाट, कडा खोडरबराने कुरतडून. आतून कल्हई दिसत असेल तर तिचे पट्टे करडे-पांढरे आणि पुसट, कारण कल्हई हाताने पुसून बसवलेली असते, तांब्याइतकी नितळ नसते.

पितळ आणि सोनं याच रीतीने. रंगाची घसरण मात्र लक्षात ठेवा: सोन्याचा उजळ भाग फिकट पिवळा, मधला गर्द पिवळा, सावली नारिंगीकडून लालसर तपकिरीकडे. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट होतो, आणि दागिना नकली दिसतो. स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नाही, तेव्हा सगळा भार पट्ट्यांवर. ताटाच्या तळाशी गोल गोल बारीक ओरखडे असतात, आणि अशा ओरखड्यांवर चमक ठिपक्याची न राहता मध्यापासून काठाकडे पसरलेल्या दोन समोरासमोरच्या पाकळ्यांसारखी होते. ओरखडे एकेक काढू नका. पाकळ्या काढल्या की ओरखडे आपोआप वाटतात.

केळीचं पान

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की एकाच पानाचे दोन पूर्ण वेगळे हिरवे दिसतात. उजेड आपल्या बाजूने पानावर पडत असेल तर वरची मेणचट बाजू आभाळ परतवते, आणि हिरवा थंड, निळसर, थोडा फिका होतो. सूर्य पानामागे असेल तर उजेड पानातून गाळून येतो, आणि तो हिरवा पिवळसर, उबदार, फार गर्द असतो. चित्रात या दोन्ही हिरव्यांना वेगवेगळे रंग म्हणूनच मिसळा. एकाच हिरव्यात पांढरा-काळा घालून ते येत नाहीत.

मागून उजेड असताना मधला दांडा गडद राहतो, तो जाड आहे. दोन पानं एकावर एक आली तिथे टोन एकदम उतरतो आणि सीमा कडक असते. मागच्या पानाची सावली पुढच्या पानातून दिसते, हे बहुतेक जण विसरतात. शिरा दांड्यापासून कडेकडे जवळजवळ समांतर जातात आणि पान त्याच रेषेत फाटतं, त्यामुळे फाटीही त्याच दिशेच्या. एक-दोन फाटी उघड्या, मध्ये आभाळ. बाकीच्या नुसत्या पातळ उजळ रेषा.

कापसाचं बोंडही याच कुटुंबातलं. त्याला चमक नाही, आणि उजेड आतून फिरत असल्यामुळे सावलीही फिकट, ६० च्या खाली जाऊ देऊ नका. बाहेरची कडा मऊ ब्रशने विरवा आणि त्यावर कडक ब्रशने सात-आठ तंतू. पन्नास काढले की केस दिसतात.

पोत कुठे, किती

खरबरीतपणा, भेगा, दाणे या सगळ्याला एकच जागा आवडते: उजेड जिथे तिरपा घसरत जातो तो मधला टोन, सांध्याच्या अलीकडे. समोरून भर उजेड पडलेल्या भागात दाण्यांच्या सावल्या दिसत नाहीत, आणि खोल सावलीत थेट उजेडच नाही. म्हणून पोताची ७०-८० टक्के मेहनत त्या पट्ट्यात खर्च करा, बाकी ठिकाणी नुसती सूचना. दगडाचा तयार ब्रश सगळीकडे सारखा फिरवला की दगडाऐवजी वॉलपेपर दिसतो, त्याचं कारण हेच.

उन्हाळ्यात तडकलेली काळी जमीन यावर छान सराव देते. भेगांनी पडलेले तुकडे पाच-सहा बाजूंचे, लहान-मोठे मिसळलेले, आणि दूर जाताना दबत जाणारे. भेगेच्या आत टोन ८ ते १०, पण उन्हाकडे तोंड केलेली भेगेची भिंत उजळ, जमिनीच्या पाठीपेक्षाही उजळ असू शकते. ही एक उजळ कड दिली नाही तर भेगा म्हणजे कागदावरच्या रेघा राहतात.

ऊन कोणतं हेही ठरवून टाका. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पडलेली सावली वस्तूच्या पायाशी गोळा होते आणि तापलेल्या अंगणाचा परतीचा उजेड खालून जोरात येतो, पोटाच्या सावल्या उबदार करतो. डिसेंबरात तोच दुपारचा सूर्य साधारण ४५ अंशांवर. सावल्या लांब, पोत ठळक. शिकायला डिसेंबरचं किंवा सकाळचं ऊन घ्या. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस टेबलावर साध्या वस्तू मांडून छायाचित्रं घ्यायचे, आणि ती पाहिली की कळतं, उजेडाची दिशा बदलली की वस्तूची जात बदलल्यासारखी वाटते. एक टेबल, एक दिवा, एक माठ एवढं घरीही मांडता येतं.

धूळ सगळ्यात शेवटी

अंगणातली कुठलीही वस्तू पूर्ण स्वच्छ नसते. नवा लेअर घ्या, अंगणाच्या मातीचाच फिकट रंग, टोन ६० च्या आसपास, मऊ ब्रश, फ्लो ३ ते ५ टक्के, आणि फक्त वर तोंड केलेल्या जागांवर फिरवा: हंड्याचा खांदा, काठाची वरची बाजू, पानाच्या घडीतला खोलगट भाग. धूळ मातीसारखी मंद असते, म्हणून ती बसली तिथे चमक मरते. गरज पडली तर चमकेच्या लेअरचाही तेवढा भाग खोडा. मग कडक खोडरबर घेऊन जिथे हात लागतो तिथली धूळ काढा. हंड्याच्या काठावर बोटांची जागा, गळ्याला दोरी घासते ते रिंगण, वांग्यावर पकडलेल्या अंगठ्याची एक पुसट खूण. आता चित्र आडवं उलटं करून पाहा, क्रिटात एम दाबलं की होतं, आणि मग ते नखाएवढं लहान करून. त्या आकारातही तांबं तांबं आणि माती माती दिसत नसेल, तर बारकाव्यांना हात न लावता पहिल्या दोन-तीन टोनांकडे परत जा. चूक तिथेच सापडते.